स्टुडिओतील उमेदवारी

आपल्या व्यापारी घरांमध्ये ‘उमेदवारी’ हा शब्द निवडणुकांच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे. मॅट्रिक झालेला मुलगा मामांच्या किंवा आत्याच्या सासरच्या पेढीवर पाठविला जाई. सुरुवातीचे काही महिने त्याने गादी झाडावी, पार्सले शिवावीत, बाजारात निरोप पोहोचवावेत. पुढे आवक-जावक लिहावी. आणि वर्ष-दीड वर्षाने त्याला गिऱ्हाइकासमोर बसविले जाई. हातात पडणारी रक्कम नाममात्र असे. राहणे-जेवणे मात्र पेढीच्या मालकाच्याच घरी. या व्यवहाराला कोणी पिळवणूक म्हटले नाही, कारण कोण काय देतो आणि कोणाला काय मिळते, हे दोन्ही बाजूंना स्पष्ट ठाऊक असे. मुलगा श्रम देई, पेढी विद्या देई आणि नात्यातले घर आसरा देई. या तीन पायांपैकी एक जरी मोडला, तरी उमेदवारी मोडत असे.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे भोकरमधील एका कापड-व्यापारी स्नेह्यांनी विचारलेला प्रश्न. त्यांची कन्या पुण्यातील एका महाविद्यालयात डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात सहा महिने एखाद्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम करणे तिच्या अभ्यासक्रमात अनिवार्य आहे. याला हल्ली इंटर्नशिप म्हणतात. स्टुडिओ विद्यार्थ्यानेच शोधावयाचा, राहण्याची सोय त्यानेच करावयाची, आणि मानधन मिळेलच याची खात्री नाही. मुलीला मुंबईला जावयाचे होते. स्नेह्यांचा प्रश्न व्यापाऱ्याला साजेसाच होता : “साहेब, तीन वर्षे शिकण्यासाठी पैसे भरले. आता काम करण्यासाठीही आपणच पैसे मोजायचे? त्यापेक्षा तिने इथेच बसून दुकानाच्या जाहिराती कराव्यात. कॉलेजला पत्र मी देतो.” आजींचे म्हणणे निराळे. एवढ्या मोठ्या शहरात मुलगी एकटी कोणाकडे राहणार, आणि तिच्या जेवणाचे काय? घरात दोन तट पडले होते, आणि मुलगी सुट्टीत घरी असूनही कोणाशी बोलत नव्हती.

हा प्रश्न आता एका घरापुरता उरलेला नाही. वाणिज्य, वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्या पलीकडे जाऊन आपली मुले-मुली डिझाइनच्या वाटेने निघाली आहेत. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्या मुलांना घरची मंडळी कौतुकाने ‘चांगली चित्रे काढतो’ म्हणत. त्याच मुलाने हा व्यवसाय म्हणून निवडला की कौतुकाची जागा काळजी घेते. म्हणून या विषयाकडे थोडे शांतपणे आणि हिशेबाने पाहणे आवश्यक वाटते.

प्रथम डिझाइन म्हणजे काय ते पाहू. डिझाइन म्हणजे नुसती नक्षी नव्हे. वापरणाऱ्याची अडचण ओळखून वस्तूला, कागदाला किंवा सेवेला योग्य रूप देणे म्हणजे डिझाइन. आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. नव्या मालिकेतील ५०० रुपयांच्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या, उठावदार रेषा आहेत. १०० रुपयांच्या नोटेवर त्या चार-चार आहेत. दृष्टिहीन माणसाने बोट फिरवून नोट ओळखावी, एवढ्यासाठी त्या आहेत. आपल्या रुपयाचे चिन्हही असेच. १५ जुलै २०१० रोजी ते भारत सरकारने स्वीकारले. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांमधून निवडले गेलेले हे चिन्ह डी. उदय कुमार यांनी रेखाटले. ते त्यावेळी पवई येथील आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन करणारे विद्यार्थी होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन अक्षर यांचा मेळ घालणारे ते चिन्ह आज आपल्या प्रत्येक बिलावर आहे. ज्या विद्येला आपण छंद समजतो, ती आपल्या गल्ल्यापर्यंत केव्हाच पोहोचली आहे.

आता उमेदवारीकडे वळू. कलेच्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकणे ही नवी टूम नाही. भोकरहून नंदीग्राम एक्स्प्रेसने निघालेला प्रवासी रात्रभराच्या प्रवासानंतर मुंबईत ज्या स्थानकावर उतरतो, ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच याची साक्ष आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रचलेली ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरली. तिच्यावरील पाने-फुले, पशुपक्षी आणि अन्य कोरीव सजावटीच्या कामात सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यालयात वर्गात गिरविलेले धडे विद्यार्थ्यांनी चालू बांधकामावर, कंत्राटाच्या मुदतीत, दगडावर उतरविले. आज लाखो लोक त्या सजावटीखालून रोज जातात. उमेदवारांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. काम मात्र उभे आहे.

याच विद्यालयाची दुसरी हकीकत आपल्या मराठवाड्याला अधिक जवळची आहे. विद्यालयातील चित्रकला-शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे नामवंत झालेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. लेण्यांतील अंधारात उभे राहून भिंतीवरील रंगांच्या प्रतिकृती उतरविण्याचे हे काम १८८५ पर्यंत चालले. इंग्लंडला पाठविलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्या आणि मूळ कामाच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांतील ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सांगण्याचा मुद्दा असा की, दीडशे वर्षांपूर्वी मुंबईचे कलाविद्यार्थी पाहायला शिकण्यासाठी मराठवाड्यात येत होते. आज मराठवाड्याचे विद्यार्थी त्याच कारणाने मुंबईला निघतात, आणि निघताना आपल्याकडे पाहण्यासारखे काही नव्हते असे समजतात. या समजुतीनेच त्यांचे पहिले नुकसान होते.

स्नेह्यांच्या कन्येने तिने केलेल्या कामाची फाइल मला दाखविली, तेव्हा हेच जाणवले. काम नेटके होते. विमानतळाच्या पाट्या, परदेशी कॉफीच्या पेल्यांची वेष्टने, एका काल्पनिक हॉटेलचे मानचिन्ह. अशी कामे कोणत्याही शहरातील कोणताही विद्यार्थी करतो. चाळीस पानांत भोकरचे, नांदेडचे, कापडाच्या दुकानाचे एकही पान नव्हते. मी तिला विचारले, “तुझ्या आजोबांच्या चोपड्या अजून माळ्यावर आहेत का गं?” तिने दुसऱ्या दिवशी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही शोधून आणली.

देशी नामेपद्धतीच्या त्या वहीत छापील रकाने नसतात, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. कोरा कागद सारख्या घड्या घालून मोडायचा. त्या घड्यांच्या रेषांना सळ म्हणत. आठ सळांचे पान असेल, तर निम्मे जमेसाठी आणि निम्मे नावेसाठी. प्रत्येक बाजूचा पहिला सळ रकमेसाठी आणि उरलेले तपशिलासाठी. शाई नाही, पट्टी नाही; एका घडीने पान आखले जाते, रक्कम कुठे आणि तपशील कुठे हे डोळ्याला तत्काळ कळते, आणि उजेडात धरल्यावर घडीवर पडलेली खाडाखोड लपत नाही. मुलगी बराच वेळ ते पान उलटसुलट पाहत राहिली. मग म्हणाली, “काका, आम्हाला पानाची आखणी शिकविण्यासाठी एक पूर्ण सत्र दिले होते. हे मी तेव्हा पाहिले असते तर!” त्या वहीवरून तिने नंतर छोट्या दुकानदारांसाठी एक हिशेबाची वही रचली. तिच्या फाइलमधील तेच काम आज सर्वांत आधी लावलेले आहे.

आपल्या परिसरात असे किती आहे, याची थोडी गणती करावी. भोकरहून भैंसामार्गे पुढे गेले की निर्मल लागते. तेथील हलक्या लाकडाची रंगीत खेळणी आणि फळे पिढ्यान्‌पिढ्या नकाशी कारागीर घडवीत आले आहेत. बिदरला काळ्या धातूवर चांदीची तार ठोकून केलेले बिदरी काम आहे. छत्रपती संभाजीनगरला हिमरू विणले जाते. वेरूळच्या ३० ते ३४ या क्रमांकांच्या लेण्या जैन लेण्या आहेत. त्यांतील इंद्रसभेच्या छतावर रंगकामाचे अवशेष आजही दिसतात. आपल्या आडतींवरील पोत्यांचे मार्के, जिनिंगमधील गाठींवर साच्याने मारलेली अक्षरे, लग्नपत्रिकांची ठेवण, पितळी तांब्याचा घाट हीसुद्धा पाहण्याची सामग्रीच. तांब्याचे नाव उगीच घेतले नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकन अभिकल्पक चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात भारतातील वस्तूंपैकी सर्वांत अधिक कौतुक साध्या लोट्याचे केले आहे. किती पाणी मावावे, डोक्यावर-कमरेवर कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, घासायला सोपा कसा जावा, असे अनेक प्रश्न पिढ्यांनी त्या एका घाटात सोडविले, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. देशातील या विद्येचे पहिले मोठे विद्यालय आपल्या स्वयंपाकघरातील वस्तूचा आदर करून सुरू झाले आहे, हे मुलांनी विसरू नये.

मग मुंबईला जायचेच कशाला, असा प्रश्न येईल. स्नेह्यांचा मूळ मुद्दाही तोच होता. याचे उत्तर आपल्याच जुन्या रिवाजात आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी मुलाला स्वतःच्या गादीवर न बसविता दुसऱ्याच्या पेढीवर का पाठविले? कारण स्वतःच्या दुकानात मालकाच्या मुलाची चूक कोणी दाखवीत नाही. मुनीम गप्प बसतो, गिऱ्हाईक गोड बोलते. परक्या पेढीवर मात्र तोच मुलगा चार वेळा बोलणी खातो आणि पाचव्या वेळी नीट शिकतो. वडिलांच्या दुकानाची जाहिरात मुलीने केली, तर वडील तिचे कौतुकच करणार. स्टुडिओत तीच जाहिरात तिला सात वेळा बदलावी लागते, ग्राहक नाकारतो, छापखान्यातून रंग बिघडून येतो, मुदत संध्याकाळी सहाची असते. ही शिस्त घरात मिळत नाही. पाहण्याची दृष्टी घरून न्यावी आणि हाताला वळण शहरात लावून घ्यावे, अशी ही वाटणी आहे.

या वाटेने आधी गेलेली माणसे आपल्या परिचयाचीच आहेत, फक्त नावे आपण विसरलो. पूर्वी प्रत्येक दुकानात लागणारी देवादिकांची कॅलेंडरे आठवा. एस. एम. पंडित १९१६ मध्ये गुलबर्ग्यात जन्मले. ते गाव तेव्हा भोकरसारखेच निजामाच्या राज्यात होते. मुंबईत येऊन त्यांनी चित्रपटांची पोस्टरे आणि कॅलेंडरे यांत नाव मिळविले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघे गोव्याचे. मुंबईत स्वतःचे स्टुडिओ उभारून त्यांनी मराठी दिवाळी अंकांचे आणि पुस्तकांचे रूप पालटले. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातील अक्षरलेखनाच्या नोकरीपासून सुरुवात करून मराठी नाटकांच्या नावांना चेहरा दिला. र. कृ. जोशी जाहिरात-व्यवसायातून पवईच्या केंद्रात अध्यापनासाठी गेले, आणि संगणकावर वर्षानुवर्षे आपण ज्या ‘मंगल’ या देवनागरी अक्षरसंचात पत्रे लिहिली, तो त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. बँकेतील माझी शेवटची कितीतरी कार्यालयीन पत्रे त्याच अक्षरांत आहेत. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून तिच्या वळणांतून नवे सुलेखन निर्माण केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या मोडीत आपल्या पूर्वजांनी जमाखर्च लिहिला, तीच एका कलावंताची पुंजी ठरली.

मुंबईत गेल्यावर काय पाहावे, तेही सांगतो. कारण प्रेरणा शोधायला गेलेली मुले पुष्कळदा मॉलमध्ये फिरून परत येतात. रविवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. तेथील संग्रहात कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या आहेत. ताडपत्रांचा काळ संपून कागद आला, तरी पोथीच्या पानाचा लांबट आकार तसाच राहिला. आणि ताडपत्रात दोरी ओवण्यासाठी जेथे छिद्र असे, तेथे कागदी पानावर रंगीत ठिपका किंवा नक्षी काढली जाऊ लागली. गरज संपल्यावरही तिची खूण अलंकार म्हणून कशी टिकते, याचा एवढा सुंदर धडा क्वचितच मिळेल. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून त्या वास्तूत आहे; जुन्या मुंबईतील कारागिरांचे आणि व्यवसायांचे मातीचे नमुने तेथे आहेत. जहांगीर कलादालन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि पैसे न मोजता पाहण्यासारखे तर रस्त्यावर किती! बेस्टच्या बसवरील देवनागरी आकडे लांबून कसे वाचता येतात ते पाहावे. मंगलदास मार्केटमध्ये कापडाचे तागे कसे मांडले आहेत, ते कापड-व्यापाऱ्याच्या मुलीने पाहावे. गिरगावातील जुन्या दुकानांच्या पाट्या वहीत उतरवून घ्याव्यात. रोज एक पान रेखाटन, हा नियम सहा महिने पाळला तर एकशे ऐंशी पाने होतात. स्टुडिओच्या कामाइतकीच ती पुढे उपयोगी पडतात.

आता स्टुडिओ मिळवावा कसा? बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याला अर्जाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आहे. शंभर ठिकाणी एकच पत्र पाठवू नये. दहा-बारा स्टुडिओ निवडावेत, त्यांचे काम खरोखर पाहावे, आणि त्यांच्या कोणत्या कामामुळे आपल्याला तेथे शिकावेसे वाटते, ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे लिहावे. अक्षरांची आवड असेल तर अक्षरसंच घडविणाऱ्यांकडे पाहावे. मुंबईतील ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ हा संच कोणालाही विनामूल्य वापरता येतो, तो वापरून काही तयार करावे. पत्र एक पानाचे असावे. सोबत आठ-दहा निवडक कामे, आणि त्यांपैकी दोन-तीन कामांचे कच्चे आराखडेही. अनुभवी डोळ्याला तयार चित्रापेक्षा विचार कसा पुढे सरकला, हे पाहण्यात अधिक रस असतो. सत्र सुरू होण्याच्या निदान तीन-चार महिने आधी पत्रे जावीत. उत्तर न आल्यास पंधरवड्याने एकदा नम्रपणे आठवण द्यावी. आमच्या या कन्येने अकरा पत्रे लिहिली. तिघांनी उत्तर दिले. एकाने सहा महिने पूर्णपणे विनामूल्य काम मागितले आणि लेखी काही देण्यास नकार दिला. तिथे जाऊ नकोस, असे मी सांगितले. दुसऱ्याने मुलाखत घेऊन माफक मानधनावर बोलाविले. तिसऱ्याकडे जागा नव्हती, पण त्यांनी फाइलवर उपयुक्त सूचना दिल्या.

लेखी पत्राचा आग्रह मी जाणीवपूर्वक धरतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने त्या कायद्याखाली नोंदलेल्या उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क दिला आहे. महाविद्यालयीन इंटर्नशिप बहुधा अशा नोंदणीशिवाय, तोंडी बोलण्यावर चालते. अशा वेळी एका पानाचे पत्र हाच आधार. त्यात पाच गोष्टी असाव्यात : कालावधी, कामाच्या वेळा, मानधनाची रक्कम व ती देण्याची तारीख, मार्गदर्शन कोण करणार, आणि शेवटी अनुभव-प्रमाणपत्र मिळून केलेले काम स्वतःच्या फाइलमध्ये दाखविता येईल की नाही. शेवटचा मुद्दा पुष्कळदा राहून जातो, आणि सहा महिने राबलेल्या विद्यार्थ्याला दाखविण्यासारखे एकही पान उरत नाही.

खर्चाचा हिशेबही उघडपणे मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या माहितीप्रमाणे बदलावेत. सामायिक खोलीतील एका खाटेचे भाडे ११,००० रुपये, जेवण ७,०००, लोकलचा व अन्य प्रवास २,००० आणि किरकोळ ४,००० धरले, तर महिन्याचे २४,००० रुपये होतात. मानधन १०,००० मिळाले तर घरून १४,००० द्यावे लागतील; सहा महिन्यांचे ८४,०००. शिवाय भाड्याची अनामत, जी परत मिळावयाची आहे. ही रक्कम लहान नाही. पण दुकानाच्या दर्शनी भागाचे नूतनीकरण करताना आपण ती खर्चखाती टाकून हळहळत नाही, मालमत्तेत धरतो. येथेही तीच दृष्टी ठेवावी. प्रत्येक भांडवल फळतेच असे नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु अर्धवट भांडवल मात्र हमखास बुडते. तीन वर्षांचे शुल्क भरून चौथ्या वर्षी हात आखडता घेणे म्हणजे पायापासून छतापर्यंत बांधलेल्या घराचा दरवाजा न बसविणे होय.

ज्यांना हा भार जड आहे, त्यांनी शैक्षणिक कर्ज घेतानाच या कालावधीची तरतूद करावी. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत शुल्क आणि वसतिगृहाबरोबरच संगणक, अभ्यास-सहली, प्रकल्प यांसारखे अभ्यासक्रम पूर्ण करण्यास आवश्यक खर्च धरता येतात. मात्र अंदाजपत्रक मंजुरीपूर्वी द्यावे लागते, आणि इंटर्नशिप अनिवार्य असल्याचे महाविद्यालयाचे पत्र त्यास जोडावे. पालक बहुधा फक्त शुल्काचा आकडा घेऊन बँकेत येतात. नंतर वाढीव रक्कम मागताना अडचण होते. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षापर्यंत परतफेड सुरू होत नाही, हीही सोय त्यात आहे. २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला असल्याने राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही, उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांनी, चौकशी करावी.

शेवटी तिसरा पाय, म्हणजे आसरा. आजींची काळजी मला सर्वांत रास्त वाटली. मोठ्या शहरात हुशारीच्या अभावी परतलेली मुले थोडी; राहण्या-जेवणाची घडी न बसल्याने परतलेली अधिक. आपल्या समाजाने हे फार पूर्वी ओळखले होते. दानवीर माणिकचंद झवेरी यांनी १९०० मध्ये मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले; आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. गावाकडच्या मुलाला मुंबईत शिकता यावे, त्याला घरचे अन्न आणि निश्चित छप्पर मिळावे, हा त्यामागील साधा विचार होता. त्या काळी डोळ्यांपुढे मुलगे होते आणि पूर्ण वर्षाचे शिक्षण होते. आज मुली जात आहेत, आणि त्यांना सहा महिन्यांपुरती जागा हवी आहे. वर्षाच्या मध्यात येणाऱ्या, अर्ध्या वर्षासाठी राहणाऱ्या मुलीला वसतिगृहाचे नियम सहसा सामावून घेत नाहीत. काही खाटा अशा अल्पमुदतीच्या विद्यार्थिनींसाठी राखून ठेवणे आपल्या संस्थांना अशक्य नाही. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, विश्वस्तांच्या एका बैठकीतील ठराव पुरतो.

स्नेह्यांनी अखेर होकार दिला. मुंबईत मालाच्या खरेदीसाठी त्यांचे महिन्यातून एकदा जाणे होतेच. त्या दिवशी मुलीबरोबर जेवावयाचे, असे ठरले आहे. राहण्याची सोय मुलुंडमधील एका परिचित कुटुंबात तूर्त दोन महिन्यांपुरती झाली आहे. पुढच्या चार महिन्यांचा शोध चालू आहे.

म्हणून मुंबई, पुणे, ठाणे येथील वाचकांना एक विनंती करतो. आपल्या घरात एखादी खोली रिकामी असेल, किंवा आपल्या ओळखीत विश्वासू, वाजवी भाड्याची जागा असेल, तर आपले नाव-पत्ता या मासिकाच्या कार्यालयात कळवावा. नांदेड-लातूरकडील ज्या पालकांना मुला-मुलींसाठी अशी सोय हवी आहे, त्यांनीही सत्राच्या तारखांसह लिहावे. दोन्ही याद्या जुळविण्याचे काम मी आनंदाने करीन. निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळ आहे, आणि याद्या जुळविण्याची सवय जुनी आहे.

जय जिनेंद्र.